समीकरणाचा काटा जुळवताना

शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं. खोडरबरानं घासून घासून पातळ झालेलं, कधी आरपार भोक पडलेलं. दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रियांचा धडा सुरुवातीलाच येतो, म्हणजे शाळा उघडून पाऊस धरतो न धरतो तोच. पोरगं समीकरणात एक आकडा घालतं, उजवी बाजू बिघडते. तो खोडून दुसरा घालतं, डावी बिघडते. शेवटी वैतागून पाण्याच्या सूत्रातलाच आकडा बदलतं आणि म्हणतं, "जुळलं सर!"

जुळलं खरं, पण त्या नादात पाण्याचं पाणी राहिलं नाही.

आमच्याकडं बेळगावात कन्नड माध्यमाची मुलं समीकरण संतुलित करण्याला 'सरिदूगिसुवुदु' म्हणतात. कन्नडमध्ये 'तूगु' म्हणजे तोलणं. नीट तोलून सारखं करणं, असा त्या शब्दाचा भाव. आपल्या 'संतुलित'मध्येही तुला आहेच, पण ती संस्कृतात दडल्यामुळं पोरांना दिसत नाही. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनाही मी आधी तो कन्नड शब्द सांगतो आणि मग थेट ऊसकाट्यावर नेतो.

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या पोराला वजनकाटा समजावून सांगावा लागत नाही. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, ऊस उतरवून रिकामा पुन्हा चढतो, मधला फरक म्हणजे उसाचं वजन. (काटा मारतात ही शेतकऱ्याची तक्रार निराळी, ती इथं नको.) आत गेलेल्या उसातून साखर निघते, मळी निघते, बगॅस (चिपाड), प्रेसमड (रसातला गाळ) निघतो, बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. वरून घातलेलं पाणी, चुना वगैरे हिशेबात धरून हे सगळं परत तोलता आलं, तर आत गेलेलं वजन आणि बाहेर आलेलं वजन सारखंच भरेल. लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७८९ साली आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात हाच नियम मांडला. अभिक्रियेत नवं काही जन्मत नाही, असलेलं नाहीसं होत नाही. अणू तेच राहतात, त्यांच्या जोड्या बदलतात. समीकरणातला बाण म्हणजे कारखान्याचं फाटक. जितके अणू आत, तितकेच बाहेर.

लिहिण्याबद्दल एक सूचना आधीच देतो. या लेखात सूत्रं आपण वर्गात मोठ्यानं म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. पाणी म्हणजे एच२ओ. चिकटून आलेला अंक सूत्राच्या आतला, आणि जागा सोडून आधी आलेला अंक सूत्राच्या पुढचा. म्हणजे '२ एच२ओ' हे पाण्याचे दोन रेणू. वहीत आणि परीक्षेत मात्र रोमन चिन्हंच लिहायची, आतला अंक लहान आणि ओळीच्या खाली. रोमन लिपीत मोठ्या-लहान अक्षरांचा फरक जीवघेणा असतो. दोन्ही अक्षरं मोठी असली की सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, दुसरं लहान झालं की तोच कोबाल्ट. या लेखात कोबाल्ट कुठंही नाही, तेव्हा इथं निर्धास्त वाचा.

मोळी आणि मोळीतला ऊस

पुढचा अंक आणि आतला अंक यांतला फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. ऊसतोडीत मोळ्या बांधतात. मोळ्या दोन की पाच हे तुम्ही ठरवू शकता. पण एका मोळीत किती ऊस, हे मोळी बांधतानाच ठरलेलं असतं. समीकरण जुळवताना आपल्या हातात फक्त मोळ्यांची संख्या असते. त्या पुढच्या अंकाला सहगुणक म्हणायचं, पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजी माध्यमात गेलात की तोच कोइफिशंट होतो.

मोळी सोडून एक ऊस वाढवला तर काय होतं? एच२ओ मध्ये एक ऑक्सिजन वाढवा, एच२ओ२ होईल. ते पाणी नाही, मेडिकलमधून जखम धुवायला आणतो ते हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. सीओ२ मधला एक ऑक्सिजन काढा, माणूस मारणारा कार्बन मोनॉक्साइड होईल. आतला अंक बदलणं म्हणजे पदार्थच बदलणं.

पायऱ्या

पहिली पायरी: अभिक्रिया शब्दांत लिहा. 'मिथेन आणि ऑक्सिजन यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.' डावीकडचे ते अभिक्रियाकारक, उजवीकडचे उत्पादित. ही पायरी हुशार पोरं गाळतात आणि हमखास एखादा पदार्थ विसरतात.

दुसरी पायरी: सूत्रं तपासा. माझ्या मते सगळा धडा इथंच जिंकला किंवा हरला जातो. 'समीकरण जुळत नाही' म्हणून आलेल्या वहीत मी आकडे बघतच नाही, आधी सूत्रं बघतो. अल्युमिनियम ऑक्साइड कुणी एएलओ लिहिलेलं असतं, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड कंसाशिवाय सीएओएच. चुकीच्या सूत्रावर कितीही आकडे फिरवा, एक तर ते जुळत नाही, नाहीतर जुळतं आणि चुकीचं असतं. उपाय जुनाच आहे, संयुजा (अणूला जोडायला किती हात आहेत तो आकडा) तिरकी अदलाबदल करा. अल्युमिनियमची संयुजा ३, ऑक्सिजनची २, म्हणून एएल२ओ३. कॅल्शियमची २, हायड्रॉक्साइड या मूलकाची (एकत्रच वावरणाऱ्या अणूंच्या गटाची) १, म्हणून सीए(ओएच)२. इथं कंस हवाच, कारण तो २ ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागू आहे. शिवाय सात मूलद्रव्यं मोकळी असताना जोडीनंच राहतात: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. एकटा 'ओ' लिहून ऑक्सिजन वायू होत नाही, ओ२ लिहा.

सूत्रं पक्की झाली की प्रत्येक सूत्राभोवती पेन्सिलीनं चौकट आखा. इथून पुढं चौकटीच्या आत हात घालायचा नाही. आकडा बसेल तो चौकटीच्या डावीकडं, बाहेर. एवढ्यानंच वहीला भोक पडायचं थांबतं.

तिसरी पायरी: समीकरणाखाली दुकानदाराच्या खतावणीसारखा तक्ता मांडा. मूलद्रव्याचं नाव, डावीकडं किती, उजवीकडं किती. तोंडी हिशेब करू नका. तोंडी करणारे तिसऱ्या आकड्याला पहिला विसरतात.

चौथी पायरी: कुणापासून सुरुवात करायची ते ठरवा. दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात सापडणारं मूलद्रव्य आधी घ्या. दोन-तीन पदार्थांत पसरलेलं मागं ठेवा, बहुतेक वेळा तो ऑक्सिजन असतो. आणि जे मूलद्रव्य कुठंतरी एकटंच, संयुगाविना उभं आहे, ते सगळ्यात शेवटी. त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही. लग्नघरात एकट्यानं आलेल्या पाहुण्याला कुठल्याही पंगतीत बसवता येतं, तसं.

पाचवी पायरी: सगळ्या सहगुणकांना एकाच संख्येनं भाग जातो का बघा. जात असेल तर द्या, मग तक्ता पुन्हा पहिल्यापासून मोजा.

गोबरगॅसपासून सुरुवात

खेड्यात अजून काही परसांत गोबरगॅसची टाकी असते. त्यातला जळणारा वायू मुख्यतः मिथेन.

सीएच४ + ओ२ → सीओ२ + एच२ओ

तक्ता: कार्बन १ आणि १. हायड्रोजन ४ आणि २. ऑक्सिजन २ आणि ३. इथं पोरं ऑक्सिजनवर झडप घालतात, कारण २ आणि ३ डोळ्यांना खुपतात. थांबा. तो तीन ठिकाणी पसरलाय आणि डावीकडं एकटाही आहे, म्हणजे शेवटचा. कार्बन जुळलेला आहे. हायड्रोजन घ्या, पाण्यापुढं २ लिहा. आता उजवीकडं ऑक्सिजन २ + २ = ४, डावीकडच्या ऑक्सिजनपुढं २ लिहा.

सीएच४ + २ ओ२ → सीओ२ + २ एच२ओ

वजनानंही तोलून बघा. अणुभार कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ धरा. डावीकडं १६ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन, मिळून ८०. उजवीकडं ४४ आणि ३६, तेही ८०. काटा सरळ.

जिथं काहीच करायचं नसतं

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो: सीएसीओ३ → सीएओ + सीओ२. त्यावर पाणी ओतलं की फसफसून, तापून विरलेला चुना: सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२. तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडीच होते: सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ. तिन्ही जन्मतःच जुळलेली. प्रश्नात 'संतुलित करा' म्हटलं म्हणून कुठंतरी २ घातलाच पाहिजे असं नाही. मोजा, जुळत असेल तर तसंच ठेवा.

साडेसहा ऑक्सिजन

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रामुख्यानं प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन सरळ आहे. कार्बन तीन, हायड्रोजन आठ, म्हणून सीओ२ पुढं ३, पाण्यापुढं ४. उजवीकडं ऑक्सिजन ६ + ४ = १०, डावीकडं ५ रेणू.

सी३एच८ + ५ ओ२ → ३ सीओ२ + ४ एच२ओ

ब्युटेन अडवतो. सी४एच१०, म्हणून उजवीकडं ४ सीओ२ आणि ५ एच२ओ. ऑक्सिजन ८ + ५ = १३, विषम. ओ२ जोडीनंच येतो, तेरा कसे करणार? इथं पोरं पहिल्यापासून खोडायला घेतात. खोडू नका. बिनधास्त साडेसहा लिहा. साडेसहा जोड्या म्हणजे तेरा अणू, हिशेब बरोबर आहे. फक्त अर्धा रेणू लिहायचा नाही म्हणून शेवटी सगळं दुप्पट करा.

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

अर्धा आला की दुप्पट, पावणेदोन किंवा सव्वाचार असा पाव आला की चौपट. पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांना हे नातवापेक्षा लवकर कळतं.

एवढ्या आकड्यांचा उपयोग काय, असं विचारणारा एकजण दरवर्षी असतो, आणि तो मला आवडतो. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा. त्यात नुसता प्रोपेन आहे असं धरा. समीकरण सांगतं की ४४ किलो प्रोपेनला १६० किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एका सिलिंडरला जवळजवळ ५२ किलो. नुसता ब्युटेन धरला तरी ५१ च्या आसपास. हा ऑक्सिजन फुकट मिळतो म्हणून त्याचं वजन कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो खिडकीतून यावा लागतो. नाही आला तर?

२ सी३एच८ + ७ ओ२ → ६ सीओ + ८ एच२ओ

मोजून बघा, हेही पूर्ण जुळतं. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवला की हा दुसरा हिशेब सुरू होतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. समीकरण जुळलं म्हणजे तीच अभिक्रिया घडली, असं होत नाही. काय तयार होतं ते प्रयोग सांगतो. संतुलन फक्त किती, ते सांगतं.

गंज आणि अल्युमिना

उद्यमबागेतल्या फाउंड्रीबाहेर पावसात भिजत पडलेलं भंगार आठवा. लोखंडाची खूण एफई, लॅटिन फेरमवरून. गंजात पाण्याचाही भाग असतो, पण सोपं रूप असं:

एफई + ओ२ → एफई२ओ३

लोखंड आणि ऑक्सिजन दोन्ही डावीकडं एकटे, म्हणून सोपं वाटतं. अडचण अशी की ऑक्सिजन डावीकडं दोनाच्या पटीत, उजवीकडं तीनाच्या. दोन आणि तीनचा लसावि ६. म्हणून डावीकडं ३ ओ२, उजवीकडं २ एफई२ओ३, आणि मग लोखंड ४. कुठंही २ विरुद्ध ३ दिसलं की लसावि काढा, अंदाज मारू नका.

बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोचा अल्युमिनाचा, म्हणजे अल्युमिनियम ऑक्साइडचा कारखाना आहे. बॉक्साइटपासून मिळवलेलं अल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे १००० अंश सेल्सियसच्या भट्टीत तापवलं की पाणी निघून जातं आणि पांढरी अल्युमिनाची भुकटी उरते.

२ एएल(ओएच)३ → एएल२ओ३ + ३ एच२ओ

हायड्रोजन ६ आणि ६, ऑक्सिजन ६ आणि ३ + ३.

मूलक फुटत नसेल तर फोडू नका

साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना त्यात चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला विरलेला चुना) घालतात, गरजेप्रमाणे फॉस्फोरिक आम्लही. मग कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि गाळ घेऊन खाली जातो.

सीए(ओएच)२ + एच३पीओ४ → सीए३(पीओ४)२ + एच२ओ

इथं ऑक्सिजन चारही पदार्थांत आहे. सुटा सुटा मोजायला गेलात तर डोकं धराल. फॉस्फेट, म्हणजे पीओ४, डावीकडूनही अखंड जातं आणि उजवीकडंही अखंड निघतं. मग त्याला एकच नग समजा. उजवीकडं कॅल्शियम तीन, म्हणून चुन्यापुढं ३. फॉस्फेट दोन, म्हणून आम्लापुढं २. राहिलं पाणी. डावीकडं हायड्रोजन ६ + ६ = १२, म्हणून पाण्यापुढं ६.

३ सीए(ओएच)२ + २ एच३पीओ४ → सीए३(पीओ४)२ + ६ एच२ओ

ऑक्सिजन आपण मोजलाच नाही, म्हणून पडताळ्याला तोच घ्या. डावीकडं ६ + ८ = १४, उजवीकडं ८ + ६ = १४. ज्याला हात लावला नाही त्याच्याकडून साक्ष घ्यायची, ही माझी सवय. बाकीचे आपणच जुळवलेले, ते आपल्याच बाजूनं बोलणार.

सगळे उपाय थकले की

सराफाच्या पेढीवर तांबं वेगळं करायला नायट्रिक आम्ल वापरतात. विरल आम्ल असेल तर:

सीयू + एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + एनओ + एच२ओ

इथं नायट्रोजन उजवीकडं दोन ठिकाणी. काही नायट्रेट अखंड राहिलं, काही फुटून एनओ झालं, म्हणून मूलकाची युक्ती लागू नाही. अंदाजानं वीस मिनिटं जातील. गणिताला हाक मारा. पाच पदार्थांचे सहगुणक क्रमानं क, ख, ग, घ, च माना आणि प्रत्येक मूलद्रव्याचं एकेक साधं समीकरण लिहा.

तांबं: क = ग
हायड्रोजन: ख = २च
नायट्रोजन: ख = २ग + घ
ऑक्सिजन: ३ख = ६ग + घ + च

अज्ञात पाच आणि समीकरणं चार, म्हणून एक आकडा आपल्या मनानं घ्यायची मुभा आहे. क = १ घ्या, मग ग = १. नायट्रोजनवरून घ = ख − २. हायड्रोजनवरून च म्हणजे ख चा अर्धा. दोन्ही ऑक्सिजनच्या ओळीत घाला:

३ख = ६ + ख − २ + ख/२

उजवीकडचा ख सगळा मिळून दीड ख. तो डावीकडं नेला की दीड ख = ४, म्हणून ख = ८/३. त्यावरून घ = २/३ आणि च = ४/३. सगळ्यांना ३ नं गुणा.

३ सीयू + ८ एचएनओ३ → ३ सीयू(एनओ३)२ + २ एनओ + ४ एच२ओ

पडताळा: नायट्रोजन ८ आणि ६ + २. ऑक्सिजन २४ आणि १८ + २ + ४. हा आठ आणि तीनचा मेळ अंदाजानं क्वचितच सापडतो. दहावीला ही पद्धत सहसा लागत नाही, पीयूसीत उपयोगी पडते. पण तोडग्यांचा कंटाळा आलेल्या नववीच्या पोरालाही मी ती दाखवतो, कारण इथं नशिबाचा भाग उरत नाही. प्रयोग मात्र घरी नको. तो एनओ हवेत आला की तांबूस, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड होतो.

परीक्षेत

संतुलित करून झालं की पदार्थाची अवस्था लिहायची असते: स्थायू, द्रव, वायू की जलीय द्रावण. मार्क जातात ते इथं, आणि बाणाऐवजी बरोबरचं चिन्ह लिहिण्यात. सहगुणक १ असेल तर तो लिहू नका. कोल्हापूरच्या मामाकडून आणलेलं महाराष्ट्र बोर्डाचं गाईड वापरत असाल तर पारिभाषिक शब्द आपल्या कर्नाटकच्या पुस्तकाशी ताडून बघा. समीकरणाला सीमा नसते, पेपर तपासणाऱ्याला असते.

सरावाला तीन देतो. खायचा सोडा तापवला (एनए म्हणजे सोडियम): एनएएचसीओ३ → एनए२सीओ३ + एच२ओ + सीओ२. रेल्वेचे रूळ थर्मिटनं जोडताना: एफई२ओ३ + एएल → एएल२ओ३ + एफई. आणि मळीतल्या साखरेपासून आसवनीत अल्कोहोल, यीस्टच्या मदतीनं: सी१२एच२२ओ११ + एच२ओ → सी२एच५ओएच + सीओ२.

उत्तरं आधी झाकून ठेवा. सोड्याचं २, १, १, १. थर्मिटचं १, २, १, २. मळीचं १, १, ४, ४. तिसऱ्यात इथेनॉलचे हायड्रोजन मोजताना शेवटच्या 'ओएच'मधला एक विसरू नका, एका रेणूत ते सहा आहेत. वजनानंही तोलून बघा: ३४२ किलो साखर आणि १८ किलो पाणी आत, १८४ किलो इथेनॉल आणि १७६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर. दोन्हीकडं ३६०.